आमच्या बोडीची बिजली

पाणी कुठून कुठे जाईल, हे मला कोणी शिकवायचं नाही. आम्ही जातीचे कोहळी. नवेगाव बांधच्या आसपास जेवढे तलाव आणि लहान तळ्यांसारख्या बोड्या दिसतात, त्यातले निम्मे आमच्या पूर्वजांनी खोदले आणि उरलेले निम्मे आमच्या पूर्वजांच्या साडूंनी! आमच्या टोल्याच्या, म्हणजे वस्तीच्या, बोडीचा पाटकरी मी आहे. माझे वडील होते, त्यांचे वडीलही होते. पाटकरी म्हणजे कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी कधी जाईल, हे ठरवणारा माणूस. बोडीच्या बांधाखाली पाणी सोडायची मोरी असते, तिला आम्ही तुडुम म्हणतो. ती उघडायची पाटकऱ्यानं आणि बुजवायचीही पाटकऱ्यानंच. दुसऱ्या कोणी हात लावला तर दंड म्हणून त्यानं साऱ्या टोल्याला जेवण घालायचं. अशी पुष्कळ जेवणं मी जेवलो आहे, आणि दरवेळी जेवण घालणाऱ्याला शिव्या देऊन जेवलो आहे.

मला राग लवकर येतो, हे सांगायची गरज नाही. पण तो उगाच येत नाही. आता हेच बघा. पाण्याच्या बाबतीत मी टोल्याचा मालक आणि माझा चुलतभाऊ योगराज पाटाच्या शेपटाला. त्याच्या बांधीत पाणी पोचेपर्यंत तो माझ्या दारात चार चकरा मारतो. बिजलीच्या बाबतीत मात्र उलटं. सडकेवरच्या ट्रान्सफॉर्मरवरून लाइन निघते, मोहाच्या झाडाजवळच्या खांबावर येते, तिथून योगराजच्या घरी आणि मग शेवटी माझ्या घरी. त्याच्याकडे पंखा भरारतो आणि माझ्याकडचा पंखा माशी बसवून फिरतो. त्यात रोज लाइन जाते. मी अंधारात घामाने निथळत बसतो, आणि घराच्या मागेच बोडीचं पाणी तुडुमातून दोन पुरुष खाली धबाधबा पडत असतं. फुकट! माझ्या पूर्वजांचं पाणी!

एक दिवस मी ठरवलं की त्या पाण्याला कामाला लावायचं.

गोंदियाच्या बाजारात चुन्नीलाल नावाचा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा आहे. त्यानं पाण्यावर फिरणारं चाक, पट्टा आणि जनरेटर असं सगळं जुळवून दिलं. तुडुमाखाली पाइप लावला, पाइपाच्या तोंडाशी जाळी लावली आणि पाणी सोडलं. घरात बल्ब असा लागला की रुख्मा, म्हणजे माझी बायको, डोळ्यांवर पदर घेऊन बाहेर गेली. मी सगळ्या टोल्याला बोलावून चहा पाजला. योगराजलाही बोलावलं, मुद्दाम. तो पंख्याखाली बसला आणि म्हणाला की हवा गरम लागून राहिली. जळका माणूस.

कटकट एवढीच होती की रुख्मा पावसात भिजलेली ढोरांची तणीस बांधावर सुकायला टाकायची. वाऱ्यानं धानाच्या काड्या उडून पाण्यात जायच्या, जाळीला चिकटायच्या आणि मशीन गुदमरून थांबायची. मी तिच्यावर किती ओरडलो त्याचा हिशेब नाही. ती म्हणायची, ढोरांनी काय बिजली खावी? त्यावर मी अजून ओरडायचो.

दुसरी कटकट मोठी होती. घरातली सगळी बटणं बंद केली की मशीनवरचा भार जायचा आणि ती मोकाट सुटायची. एकदा अशी सुटली की घरातले सगळे बल्ब फट्फट् फुटले. चुन्नीलाल म्हणाला, “भैयाजी, इसको लाइन से जोड दो. जितना बचेगा, लाइन खा लेगी.” मला पटलं. भरलेल्या बोडीचं जास्तीचं पाणी पाटात सोडायचं, तसंच हे. रीतसर काम करावं म्हणून मी बिजलीच्या ऑफिसात गेलो.

तिथल्या इंजिनियर हर्षा मॅडम वयानं माझ्या पोरीएवढ्या, पण समोरच्याकडे अशा बघायच्या की आपण पहिलीत आहोत असं वाटावं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की जोडता येईल, पण आधी मध्ये एक पेटी बसवावी लागेल. लाइन गेली की त्या पेटीनं माझी मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइनपासून तोडली पाहिजे. शिवाय घराबाहेर खांबावर एक स्विच हवा, त्याला कुलूप हवं, आणि लाइनवर काम करायच्या आधी लाइनमननं तो स्विच पाडून कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

माझं डोकं तिथेच तापलं. लाइन जाते म्हणून तर मी मशीन आणली, आणि लाइन गेली की मशीनही बंद करायची? हे म्हणजे पाऊस आला की छत्री मिटायची! पण त्याहून मला झोंबली ती किल्ली. पाणी माझं, मोरी माझ्या ताब्यातली, मशीन माझी, आणि ती बंद करायची किल्ली लाइनमनच्या खिशात? बरं, आमच्या भागाचा लाइनमन कोण? देवचंद. रुख्माचा धाकटा भाऊ. माझा साळा! लग्नात ज्याचं नाक मी माझ्या उपरण्यानं पुसलं, तो माझ्या तुडुमाला कुलूप लावणार.

“मॅडम,” मी म्हणालो, “आमच्याकडं पाटकऱ्याशिवाय कोणी मोरीले हात लावत नाई.”

“काका, खांबावर चढलेल्या माणसाला तुमची मोरी दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्याला फक्त तार दिसते. ती मेलेली आहे की जिवंत, हे दुसऱ्याच्या भरवशावर ठेवायचं का?”

मला ते नीट ऐकू आलं होतं. पण मी रागात होतो, आणि रागात ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. मी तिथून उठलो तो सरळ बसस्टँडवर गेलो आणि चुन्नीलालला फोन केला की पेटीबिटी काही नको, तू ये आणि जोडून दे.

तो आला. मशीन आणि लाइन यांच्यामध्ये त्यानं दोन बल्ब टांगले. दोघींची चाल जुळली की बल्ब विझतील, विझले की स्विच वर करायचा, एवढंच. बल्ब पेटायचे, मंद व्हायचे, विझायचे, पुन्हा पेटायचे. मी हात स्विचवर ठेवून उभा होतो. तेवढ्यात कुंपणाशी येऊन उभ्या राहिलेल्या योगराजनं विचारलं, “काऊन गा भैयाजी, तुही बिजली डोळे मिचकावून राहिली का?” माझी तार सटकली आणि मी बल्ब पुरते पेटलेले असतानाच स्विच वर केला. असा धडाका झाला की पट्टा उडून कवेलूंवर जाऊन पडला, जनरेटर पायासकट उखडला आणि आमची म्हैस दावं तोडून जी पळाली ती संध्याकाळी योगराजच्या रोवणीत सापडली. त्याचे धानाचे पऱ्हे तुडवले गेले, एवढंच त्यातलं चांगलं.

सगळं दुरुस्त करून घेतल्यावर दुसऱ्या खेपेला मी योगराजला बाजाराला पाठवलं आणि मग जोडलं. जमलं! माझी बिजली गुपचूप लाइनमध्ये मिसळली. आता मी साऱ्या टोल्याला सांगत सुटलो की तुमच्या घरात जो उजेड आहे त्यातला थोडा माझा आहे. देवचंदलाही सांगितलं. तो हसला. भाऊजी उद्या नागपूरलाही बिजली देतील, असं बहिणीला म्हणाला. मी खरंच जोडलं आहे हे त्याला खरं वाटलं नाही, आणि मीही पुराव्याच्या भानगडीत पडलो नाही, कारण पुरावा पाहिला असता तर त्यानं तारा काढल्या असत्या. घरात कोणी हात लावू नये म्हणून स्विचचा बोर्ड मी लोखंडी डब्यात बंद केला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. पाटकरी मी आहे.

आता तो दिवस.

रोवणी जोरात होती. सकाळी लाइन गेली. मोहाच्या फांद्या तारांवर लोंबत होत्या, त्या छाटून तारा ओढायला देवचंद येणार असं आधीच कळवलेलं होतं. माझी मशीन तेव्हा बंदच होती, जाळीत काड्या अडकल्या होत्या. दुपारी मी बांधीतून जेवायला घरी आलो. उकाडा असा की अंगातून पाट वाहत होता. पंखा बंद. मी शिव्या देत जाळी साफ केली आणि मशीन सुरू केली. लाइनला जोडणारा स्विच कालपासून वरच होता. तो खाली पाडावा का, असं एक क्षण वाटलं. पण म्हटलं, कायले? बिजली येते वरून. आधी योगराज, मग मी. वरचं पाणी आटलं म्हणून शेपटाचं पाणी उलटं पाटात चढल्याचं कोणत्या पाटकऱ्यानं पाहिलं आहे?

जेवून, पंख्याखाली एक झपकी घेऊन, मी पान खायला म्हणून चार बांध्या ओलांडून योगराजच्या अंगणात गेलो. खरं सांगायचं तर तो घामाघूम बसलेला बघायला गेलो होतो. बघतो तर काय, योगराज खाटेवर आडवा आणि डोक्यावर त्याचा पंखा मजेत फिरतोय!

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. माझ्या बोडीची बिजली, माझ्या पाइपातून आलेली, आणि ती खातोय योगराज! तीही न विचारता, न पाळी लावता. मी त्याची खाट गदागदा हलवली आणि चोर म्हणालो.

“चोर कोणाले म्हणतेस गा?” तो उठून बसला. “मी का तुह्या घरी आलो होतो? बिजली आली, पंखा फिरला. लाइन आली असंल.”

“लाइन नाई आली. हे माही बिजली होय.”

“माह्या तारेतून आली म्हणजे माही.”

“तुही कशी? ते उलटी चढून आली!”

“मंग तिले विचार, कायले चढली म्हणून,” योगराज म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. “लाइन आलीच असंल. पण देवचंद तर अजून मोहाच्या खांबावर आहे. मघाशीच जेवून चढला.”

मी त्याला मारायला हात उचलला होता. तो हात तसाच वर राहिला. माझ्या घरातून निघालेली बिजली योगराजच्या पंख्यापर्यंत पोचली होती. योगराजच्या घरापुढं लाइनवर मोहाचा खांब आहे. दुसरं काहीच नाही.

मी रुख्माला फोन लावला आणि ओरडलो की स्विच पाड, आत्ताच्या आत्ता पाड.

“डब्याले कुलूप आहे,” ती म्हणाली. “किल्ली तुमच्या कमरेले आहे.”

“देवचंद खांबावर आहे!”

पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला. मी कमरेची किल्ली चाचपली. घराकडे पळावं तर देवचंद इकडे, देवचंदकडे पळावं तर स्विच तिकडे. मी मोहाकडे धावलो. चिखलात चप्पल रुतत होती, धोतर सुटत होतं, आणि मी जे धावलो ते माझ्या म्हशीनंही पाहिलं असतं तर मान खाली घातली असती.

देवचंद खांबाच्या टोकाला पट्ट्याला टेकून उभा होता. फांद्या सकाळीच छाटून झाल्या होत्या आणि तो पक्कड काढून तारेकडे सरकत होता. मी खालून बोंब मारली की उतर, तार जिवंत आहे.

त्यानं खाली पाहिलं. ऑफिसातून आल्यापासून महिनाभर मी त्याच्याशी मॅडमच्या त्या किल्लीवरून भांडत होतो, त्यामुळे मी लाल तोंडानं हातवारे करत आलो की त्याला एकच अर्थ कळायचा.

“भाऊजी, भांडण संध्याकाळी करू जी,” तो म्हणाला. “मी काम करून राहिलो. आणि तार कशी जिवंत राहील? ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज मीच काढला. हा पाहा, माह्या खिशात आहे. सकाळी तपासलीबी.”

“माही मशीन लाइनले जोडली आहे!”

“हो हो. नागपूरलेबी देता तुमी.” असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाठ केली आणि हात पुढे नेला.

मी चप्पल फेकून मारली. ती खांबाला लागून खाली पडली. दुसरी फेकली, ती मोहात अडकली, ती अजून तिथेच आहे. तो वळूनही बघेना. हात तारेपासून वीतभर उरला होता. ज्या तोंडानं मी आयुष्यभर लोकांना शिव्या दिल्या, त्या तोंडाला खरं बोलून एक माणूस खाली उतरवता येईना. आणि मग मला आठवलं की खरं बोलून नाही, पण त्या घराण्यातला माणूस कशानं उतरतो ते मला पक्कं माहीत आहे. ही गोष्ट मी लग्नापासून पोटात ठेवली होती. ती बोललो तर रुख्मा माहेरी निघून जाईल, एवढी ती मोठी होती.

“देवचंद्या,” मी ओरडलो, “तुह्या बापानं आंदणात देल्ला बैल लंगडा होता!”

हात थांबला.

“का म्हणाले?” तो सावकाश वळला.

“लंगडा होता. आणि तुह्या बापाले ठाऊक होतं.”

देवचंद खांबावरून असा उतरला की चढायला लागलेल्या वेळात तो दहा वेळा उतरला असता. पट्टा सोडून, डोक्यावरचं हेल्मेट फेकून तो माझ्यावर आला आणि माझी गचांडी धरली. तो ओरडत होता, त्याच्या बापानं तो बैल सालेकशाच्या बाजारातून निवडून आणला होता, पोरीच्या लग्नात कोणी नाव ठेवू नये म्हणून स्वतः अनवाणी हाकत आणला होता, आणि भाऊजी, तुमी आज त्या मेलेल्या माणसाले खोटं पाडून राहिले? त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या हाताखाली लोंबकळत त्याच्या पायांकडे बघत होतो. ते जमिनीवर होते. मला रडू फुटेल असं वाटलं, इतकं बरं वाटलं.

“मले मार,” मी म्हणालो, “पण आधी तपास.”

“आत्ता दाखवतो,” तो म्हणाला. मला खोटं पाडायचंच म्हणून त्यानं तपासायचा बल्ब लांब काठीला लावला आणि तारांना टेकवला.

बल्ब लागला.

फार मोठा नाही. पिवळा, माझ्या घरात असतो तसाच. देवचंदनं काठी काढली, पुन्हा टेकवली. पुन्हा लागला. त्यानं माझी गचांडी केव्हा सोडली ते दोघांनाही कळलं नाही. तो काठी धरून उभा होता. मग आमच्या डोळ्यांसमोर तो बल्ब मंद झाला, लालसर झाला आणि विझला.

देवचंद मोहाखाली बसला. मीही बसलो. मला वाटलं तो शिव्या देईल. त्यानं फक्त खिशातला फ्यूज काढून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला आणि पाणी मागितलं. पाणी माझ्याकडे नव्हतं. पाटकऱ्याकडे पाणी नव्हतं.

तेवढ्यात रुख्मा आली. कमरेपर्यंत भिजलेली, केसांत काड्या. डब्याचं कुलूप तुटत नाही म्हणून ती मागच्या दारानं बोडीवर गेली होती आणि तणसाची अख्खी पेंढी तिनं पाइपाच्या तोंडात पायानं कोंबली होती. मोरीला हात लावला होता तिनं. टोल्याच्या रिवाजानं दंड होतो. तिनं आधी भावाच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला, मग माझ्यापुढे उभी राहिली.

“किल्ली द्या,” ती म्हणाली.

करदोट्याची गाठ सुटेना. तिनं करदोटा तोडला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. मी हर्षा मॅडमकडे गेलो. त्यांनी पेटी लावायला लावली, खांबावर स्विच बसवून घेतला, स्वतः येऊन तपासणी केली आणि माझ्यासमोर लाइन पाडून मशीन सुटी होते की नाही ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मी विचारलं की लाइन गेल्यावर निदान माझ्या एकट्या घरापुरती मशीन चालवायची सोय करता येईल का. त्या म्हणाल्या, येईल, त्यासाठी वेगळा स्विच लागतो. रुख्मा म्हणाली, नाही लागत. मॅडमनी रुख्माकडे पाहिलं, आणि पहिलीतल्या पोरासारखं मला बाकावर उभं करून तो विषय संपला. टोल्यानं दंडही बसवला. मोरीला हात रुख्मानं लावला, पण जेवण मी घातलं. योगराज दोनदा वाढून घेऊन जेवला.

परवा दिवेलागणीला पुन्हा लाइन गेली. पेटीनं खटकन आवाज केला, माझी मशीन सुटी होऊन थांबली आणि घरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा अंधार झाला. सगळ्या टोल्यात बिजली तयार करणारा मी एकटा, आणि ठार अंधार माझ्याच घरी! योगराजनं गेल्या महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी आणली, त्याच्याकडे लखलखाट. रुख्मानं मला त्याच्याकडे दिवा मागायला पाठवलं. मी त्याच्या पंख्याखाली बसलो. तो म्हणाला, “बस गा. हे बिजली तुही होय का माही, ते निवांत ठरवू.”

मला राग आला. पण अंगणातून मोहाचा खांब दिसत होता. वर देवचंद होता, डोक्याला बॅटरी लावून, तारेला हात घालून निवांत काम करत होता. बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. शेवटी मी कुंपणापाशी जाऊन ओरडलो, “देवचंद, किल्ली खिशात आहे ना गा?”

“आहे जी,” वरून आवाज आला. थोडा वेळ पक्कड वाजली. मग तो पुन्हा बोलला, साऱ्या टोल्याला ऐकू जाईल असा. “आणि भाऊजी, बैल लंगडा नव्हता.”

मी म्हणालो, नव्हता बाबा.

लंगडाच होता. पण देवचंद खांबावर होता.